सबमरीनर १६६१० वर केलेले बदल: काय ठेवलं, काय परत फिरवलं

११ जानेवारी

घड्याळ आहे रोलेक्स सबमरीनर १६६१०, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं. ४० मिमी केस (धातूचं कवच), ३१३५ मूव्हमेंट (आतलं यंत्र), बेझलमध्ये म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कडीत ॲल्युमिनियमचं इन्सर्ट (खुणांची चकती), आरपार छिद्रं असलेले लग (पट्टा जोडायची टोकं). डायलच्या तळाशी बारीक अक्षरात 'स्विस-टी<२५'. म्हणजे लूम (अंधारात चमकणारा थर) ट्रिटियमचं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे आज त्यातला एक पंचमांशही शिल्लक नाही आणि सोबतचं चमकणारं रसायनही थकलेलं. अंधारात हे घड्याळ आंधळं आहे.

बदलासाठी हेच घड्याळ का? याची केस आधीच्या मालकांनी इतकी पॉलिश करून घेतली आहे की लग दिसण्याइतके बारीक झालेत. डबा नाही, कागद नाहीत. पॉलिश न झालेली केस हातात असती तर हा प्रकल्प सुरूच केला नसता. तुमच्याकडे तशी असेल तर पुढचं वाचा, पण केसच्या धातूला हात लावू नका.

मनात आहे ते असं: साठही मिनिटांच्या खुणा असलेलं बेझल, तारखेवरचं भिंग नसलेली सपाट काच, रात्री दिसणारे डायल आणि काटे, केसच्या चकचकीत बाजू मॅट करणं आणि जमलं तर सगळ्याला काळा लेप. शंका एकच: यातल्या कशाने घड्याळ खरंच सुधारतं आणि कशाने फक्त वेगळं दिसतं? म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, तो काही आठवडे रोज वापरायचा आणि मगच पुढच्याला हात घालायचा. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावलेल्या पिशवीत जाईल.

१८ जानेवारी

आधी मोजमाप. टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, लिफ्ट अँगल (मूव्हमेंटनुसार ठरलेला कोन) ५२ अंश ठेवला (३१३५ साठी हाच). डायल वर असताना दिवसाला +२ सेकंद, ॲम्प्लिट्यूड (आतल्या तोलचाकाच्या झुलण्याचे अंश) २८५. किल्ली (चावी द्यायची बाजूची गुंडी) खाली असताना -१, ॲम्प्लिट्यूड २५८. सर्व्हिस अलीकडेच झाली आहे आणि ती मुद्दाम आधी करून घेतली होती, म्हणजे पुढे काही बिघडलं तर दोष जुन्या तेलाचा की नव्या भागाचा, हा घोळ राहणार नाही. रिकाम्या केसची दाबचाचणी (पाणी आत शिरेल का ते पाहणारी) १० बारपर्यंत उत्तीर्ण.

फोटो सगळ्या बाजूंनी काढले, लगच्या आतल्या बाजूचेसुद्धा. हे आकडे आणि फोटो नसते तर पुढच्या अर्ध्या अडचणींचं मूळ सापडलं नसतं.

१ फेब्रुवारी

बेझल काढलं. ते स्क्रूवर नसतं, दाबून बसवलेलं असतं. लगवर मास्किंग टेपचे दोन थर लावून पातळ पात्याने चारही बाजूंनी थोडं थोडं उचलायचं. एकाच जागी जोर दिला की कडी वाकडी होते आणि नंतर तिच्या क्लिकमध्ये एक मऊ जागा कायमची राहते. खालची क्लिकची स्प्रिंग उडते, म्हणून हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून केलं.

इन्सर्ट मात्र कडीतून सुटेना. खालून बोटाने दाबल्यावर निघायला हवं होतं. भिंगातून पाहिलं तर कधीच्या तरी दुरुस्तीत लावलेला गोंद कडेला सुकलेला दिसला. ॲसिटोनने तो लगेच सुटला असता, पण इन्सर्टवरच्या शून्याच्या त्रिकोणातला लूमचा मोती प्लास्टिकच्या कवचात असेल तर ॲसिटोन त्यालाही खातो. गरम पाण्यात कडी ठेवून, काढून, पुन्हा ठेवून अखेर इन्सर्ट मोकळं झालं. किंचित वाकलेलं आहे. दोन सपाट काचांमध्ये ठेवून वर वजन ठेवलंय.

८ फेब्रुवारी

नवीन इन्सर्ट (दुसऱ्या उत्पादकाचं, मूळ नव्हे) बसत नाही. दाबलं की एका बाजूने खाली जातं आणि समोरच्या बाजूने कमान होते. व्हर्नियरने चार ठिकाणी व्यास मोजला: ते गोल नाहीच, दोन व्यासांमध्ये ०.०८ मिमीचा फरक. कड घासून उपयोग नव्हता, कारण कुठून घासायचं हेच ठरवता येईना. परत पाठवलं. आल्या आल्या मोजलं असतं तर आजचा दिवस वाचला असता. इन्सर्ट मागवणाऱ्यांनी मापाचा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.

२२ फेब्रुवारी

दुसरं इन्सर्ट गोल निघालं. सपाट काचेवर १२०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून कड जेमतेम दोन फेऱ्या घासली आणि ते नीट बसलं.

मग नवीन अडचण: त्रिकोण १२ वर येईना. या बेझलला १२० क्लिक, म्हणजे प्रत्येक क्लिक ३ अंशांचा. मी टेबलावर इन्सर्ट कडीत बसवून मग कडी केसवर दाबली होती. इन्सर्ट कडीत फक्त घर्षणाने धरलेलं असतं, त्याला जागेची खूण नसते. ते अर्ध्या क्लिकने चुकलं तर कुठल्याही क्लिकवर त्रिकोण १२ च्या अलीकडे किंवा पलीकडेच उभा राहतो. उलट क्रमाने करायचं: आधी नुसती कडी केसवर बसवा, ती एका क्लिकवर घट्ट थांबवा, मग डायलवरच्या त्रिकोणाशी भिंगातून रेष जुळवून इन्सर्ट वरून दाबा. तसं केल्यावर पहिल्याच वेळी जुळलं. हे कुठल्याच चित्रफितीत सांगितलेलं दिसलं नाही, म्हणून इथे सविस्तर.

१५ मार्च

नवं बेझल बरेच दिवस वापरलं. हा बदल ठेवणार.

सबमरीनरच्या नेहमीच्या बेझलवर फक्त पहिल्या १५ मिनिटांना एकेका मिनिटाची खूण असते, पुढे पाच-पाच मिनिटांच्या. १९७०च्या दशकात ब्रिटिश नौदलाला दिलेल्या सबमरीनरवर (संग्राहक त्यांना मिलसब म्हणतात) साठही मिनिटांच्या खुणा होत्या, काटे तलवारीच्या आकाराचे होते आणि पट्टा निसटू नये म्हणून लगमधल्या दांड्या पक्क्या जोडलेल्या होत्या. तिन्ही बदल कामासाठी होते. मी पाण्याखाली जात नाही, पण २३ मिनिटं किंवा ३८ मिनिटं मोजायची वेळ दिवसातून अनेकदा येते. पूर्वी मिनिटकाट्यासमोर त्रिकोण लावून उरलेला हिशेब मनात करावा लागे, आता नजर टाकली की आकडा मिळतो. रोजच्या वापरात फरक पडतो आणि मूळ इन्सर्ट दहा मिनिटांत परत लावता येतं.

रूपाची एक तक्रार आहे. बेझल आता जास्त गजबजलेलं दिसतं आणि डायलकडे लक्ष उशिरा जातं. मूळ आखणीतली ती मोकळी ४५ मिनिटं डोळ्याला विश्रांती देत होती, हे ती गेल्यावर कळलं.

२२ मार्च

सपाट काच. मूळ काचेवर भिंग चिकटवलेलं असतं आणि ते ज्योतीवर तापवून फिरवून काढता येतं. मी ते केलं नाही. मूळ काच जशीच्या तशी पिशवीत आणि बिनभिंगाची नवीन सफायर काच आणली. खर्च थोडा वाढला, पण परतीची वाट उघडी राहिली.

बेझल काढा, काच धरणारी धातूची कडी उचला, आतून काच दाबून काढा, नवीन नायलॉन गॅस्केट (पाणी अडवणारं कडं) घाला, प्रेसने काच बसवा, कडी दाबा. सांगायला एवढंच. गॅस्केट जुनं वापरू नका, ते पहिल्या दाबातच काचेच्या कडेचा आकार घेऊन बसलेलं असतं.

२३ मार्च

दाबचाचणी नापास. कोरड्या चाचणीत यंत्र फक्त केस किती दबते ते मोजतं, गळती कुठून आहे ते सांगत नाही. म्हणून रिकामी केस ओल्या चाचणीत घातली: पाण्याच्या वर हवेत ३ बार दाब द्यायचा, काही मिनिटं थांबायचं, मग केस पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडायचा. आत शिरलेली हवा बाहेर पडताना बुडबुडे दिसतात. दोनच्या आकड्याजवळ, काच आणि गॅस्केटच्या मधून, बारीक माळ निघाली.

मूव्हमेंट आत ठेवून ही चाचणी कधीही करू नका.

५ एप्रिल

नवीन गॅस्केट, तीच गळती. आणखी एक गॅस्केट, गळती आता पाचजवळ. जागा बदलते आहे म्हणजे दोष केसमध्ये नाही. काचा शेजारी ठेवून कडेने पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. मूळ काचेची खालची कड अगदी बारीक तासलेली आहे, नव्या काचेची जास्त रुंद. त्यामुळे गॅस्केटला टेकणारी उभी भिंत कमी उरते आणि दाब सगळीकडे सारखा पडत नाही. काचेचा व्यास आणि जाडी बरोबर होती, म्हणून हा फरक मोजून सापडला नाही. दिसून सापडला.

१२ एप्रिल

दुसऱ्या ठिकाणची काच, कड बारीक तासलेली. १० बारपर्यंत उत्तीर्ण. काचेपायी कितीतरी सुट्ट्या गेल्या आणि भागांच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा वाया गेलेल्या काच-गॅस्केटांचा आहे.

३ मे

सपाट काच उतरवली आणि मूळ परत बसवली. कारण साधं आहे: तारीख वाचता येत नाही.

पहिले काही दिवस मी खुश होते. डायल सगळ्या बाजूंनी सारखं दिसतं, तिरकं पाहिल्यावर तीनजवळचा फुगवटा आड येत नाही, प्रकाशाची एक चमक कमी होते. पण भिंग तारीख अडीच पट मोठी करतं आणि आतल्या चकतीवरचे आकडे त्या भिंगाच्या भरवशावर छापलेले आहेत. भिंग गेलं की खिडकीत काळा ठिपका उरतो. दिवसातून एकदा तारीख पाहायला मनगट नाकापर्यंत न्यायचं असेल तर खिडकी हवी कशाला?

रोलेक्सच्याच सी-ड्वेलरवर १९६७ पासून भिंग नव्हतं, आणि ५० वर्षांनी, २०१७च्या ४३ मिमी आवृत्तीत ते आलं. बनवणाऱ्यांचंही यावर एकच उत्तर नाही. माझं मत असं झालं की ज्याला सपाट काच आवडते त्याने १६६१० ची काच बदलू नये, बिनतारखेचं १४०६० शोधावं. त्या डायलवर खिडकीच नाही, त्यामुळे सपाट काच तिथे पूर्ण वाटते.

मूळ काच बसवताना पुन्हा नवीन गॅस्केट. पहिल्याच चाचणीत उत्तीर्ण.

१७ मे

आता डायल आणि काटे. यावर सगळ्यात जास्त विचार केला.

जुन्या डायलवर नवीन लूम भरून घेता येतं. ते नको ठरवलं. ट्रिटियमच्या जुन्या टिकल्या भुसभुशीत झालेल्या असतात, खरवडल्या की धूळ उडते. त्यातले बीटा कण त्वचेतून आत जाऊ शकत नाहीत, धोका ती धूळ श्वासातून किंवा पोटात जाण्याचा. शिवाय खरवडलेलं डायल पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. पिवळसर सायीच्या रंगाच्या त्या टिकल्या तीस वर्षांत तयार झाल्या आहेत, त्या मी मिटवणार नाही.

मग दुसरं डायल. बाजारात रोलेक्सचा मुकुट आणि नाव छापलेली नकली डायलं भरपूर आहेत. ती मी घड्याळात घालणार नाही: कंपनीने न बनवलेल्या डायलवर कंपनीचं नाव म्हणजे खोटी सही. म्हणून कोरं डायल घेतलं, नाव नाही, मजकूर नाही, फक्त लूमच्या टिकल्या आणि तारखेची खिडकी. सोबत तलवारीसारखे काटे.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण बदल करून घेणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. जानेवारी २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने रोलेक्स आणि घड्याळं बदलून देणारी जिनिव्हाची आर्टिझान्स द जिनेव्ह यांच्यातल्या वादात फरक स्पष्ट केला: मालकाने स्वतःचं घड्याळ स्वतःच्या वापरासाठी बदलून घेतलं तर तो ट्रेडमार्कचा भंग नाही, पण बदललेली घड्याळं मूळ नावासह बाजारात विकायला ठेवणं ही वेगळी गोष्ट. हा निकाल तिथला. इतर देशांत नियम वेगळे असू शकतात.

२४ मे

काटे उपसताना डायलवर प्लास्टिकचा पातळ कागद अंथरला. ओरखडे टळतात आणि काट्यांमधलं लूम सुटलं तर कागदावर पडतं. एक कण पडलाच. फुंकर न मारता ओलसर बोळ्याने टिपला.

कोऱ्या डायलचे पाय मूव्हमेंटच्या छिद्रांत जायला जरा जाड होते, बारीक पेपरने उतरवावे लागले. बसल्यावर तारीख खिडकीत केसभर खाली. पाय अगदी हलक्या हाताने वाकवून मध्यावर आणली. ३१३५ ची तारीख मध्यरात्री एका झटक्यात बदलते, तेव्हा काटे बसवण्याची रीत अशी: किल्लीने पुढे फिरवत जा, तारीख उडी मारेल तिथे थांबा, आणि त्याच जागी तासकाटा व मिनिटकाटा १२ वर दाबा.

२५ मे

सकाळी घड्याळ बंद. तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांवर येतात त्या जागी अडकलेलं. टाइमग्राफरवर ॲम्प्लिट्यूड २८५ वरून २४० पर्यंत खाली.

३१ मे

कारण साखळीसारखं निघालं. कोऱ्या डायलचा पत्रा मूळ डायलपेक्षा जाड. त्यामुळे काटे ज्या नळ्यांवर बसतात त्यांचा डायलच्या वरचा भाग तोकडा पडला. म्हणून तासकाटा खाली, लूमच्या फुगीर टिकल्यांना जवळजवळ टेकलेला, आणि त्याच्यावरचा मिनिटकाटा तासकाट्याला घासणारा. त्यात सेकंदकाट्याची बारीक नळी पूर्ण खाली गेलेली आणि मिनिटाच्या नळीत घासणारी. ॲम्प्लिट्यूड त्यानेच पडला.

दुरुस्ती: तिन्ही काटे काढून पुन्हा, या वेळी बाजूने भिंगातून पाहत, प्रत्येकात समान फट ठेवून. सेकंदकाटा नळीत थोडा वर. मिनिटकाट्याचं टोक किंचित वर. मग प्रत्येक तासाला काटे एकमेकांवर येतात ती जागा हाताने फिरवून तपासली. ॲम्प्लिट्यूड २८० वर परतला.

दुसऱ्या उत्पादकाचं डायल घ्याल तर पत्र्याची जाडी विचारा. फोटोत सगळी डायलं सारखीच दिसतात.

२८ जून

कोरं डायल आणि तलवारी काटे आज काढतेय. कारणं लिहून ठेवते, कारण पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की हा सगळ्यात यशस्वी बदल ठरणार.

रात्रीचं दिसणं अप्रतिम होतं. त्यात वाद नाही. पण पहाटे अर्धवट झोपेत वेळ पाहिली की तासकाटा कोणता आणि मिनिटकाटा कोणता, हे ओळखायला क्षणभर थांबावं लागे. माझ्या जोडीतल्या दोन्ही काट्यांची रुंदी फार वेगळी नव्हती. मूळ तासकाट्यावर ते तीन दांड्यांचं वर्तुळ आहे, ज्याला सगळे मर्सिडीज काटा म्हणतात आणि ज्याची मी इतकी वर्षं केवळ सजावट म्हणून उपेक्षा केली. अंधारात ते वर्तुळ सांगतं की हा तास. शंकेला जागाच राहत नाही. १९५३ पासून चालत आलेल्या या घड्याळात ते इतका काळ टिकलं ते उगाच नाही.

दुसरं कोऱ्या डायलबद्दल. नाव नसल्याचं वाईट वाटलं नाही. पण सहाच्या वरच्या मजकुराच्या चार ओळी गेल्यावर डायलचा खालचा अर्धा भाग पोकळ दिसायला लागला आणि तारखेची खिडकी एकटीच उजवीकडे वजन टाकते. तो मजकूर खोली आणि प्रमाणपत्र सांगायला लिहिलेला आहे, पण तोल सांभाळण्याचं कामही तोच करत होता.

५ जुलै

तोडगा सापडला आणि तो मला मनापासून आवडलाय. मूळ ट्रिटियमचं डायल परत, त्यावर मर्सिडीज आकाराचेच पण सुपर-लुमिनोव्हाचे (उजेड साठवून चमकणारं लूम) सर्व्हिसचे काटे. मूळ काटे पिशवीत.

प्रश्न असा होता की डायलच्या खुणा चमकत नसतील तर नुसत्या काट्यांवरून वेळ कशी कळणार? कळते. नव्या बेझलचा मोती चमकतो. बेझल शून्यावर असलं की मोती १२ दाखवतो, आणि १२ कुठे ते कळलं की काट्यांच्या कोनावरून पाच मिनिटांच्या आत वेळ वाचता येते. रात्रीसाठी तेवढं पुरे. झोपण्यापूर्वी बेझल शून्यावर आणायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

काट्यांचं लूम पांढरट, डायलच्या टिकल्या सायीसारख्या. रंग जुळत नाही. जुनाट छटेचं रंगवलेलं लूम मिळतं, पण रंगद्रव्य मिसळल्यावर चमक कमी होते, आणि हे काटे मी चमकेसाठीच लावलेत. विसंगती राहू दिली.

मूळ डायल परत आल्याने जागेची अडचण संपली. काटे पहिल्या दाबातच नीट बसले.

१९ जुलै

केसच्या बाजू. सबमरीनरच्या लगचा वरचा भाग ब्रश केलेला आणि बाजू आरशासारख्या असतात. माझ्या बाजूंवर इतके ओरखडे होते की आरसा नावालाच उरला होता.

आधी एका निकामी स्टीलच्या केसवर सराव केला, आणि तो करायलाच हवा. हाताने पॅड फिरवला की मनगट नकळत कमान काढतं आणि रेषा कमानदार पडतात. केस लाकडी ठोकळ्यावर पक्की करून, ठोकळा सरळ पट्टीला टेकवून एकाच दिशेने ओढला तेव्हा रेषा सरळ आल्या. मागे-पुढे घासायचं नाही, फक्त ओढायचं, उचलायचं, पुन्हा ओढायचं. किल्लीच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या आत पॅड पोचत नाही, तिथे पातळ काठीला पट्टी चिकटवून. लगचा वरचा भाग आणि बाजू यांच्यामधली धार टेपने झाकली नाही तर ती पहिल्या ओढीतच गोल होते.

९ ऑगस्ट

मॅट बाजू मला मूळपेक्षा चांगल्या वाटतात. घड्याळ जरा बारीक आणि कामाचं दिसतं, नवीन ओरखडे जुन्या रेषांत मिसळून जातात. पण हा सगळ्या नोंदींमधला एकमेव बदल आहे जो पिशवीतून परत येत नाही. पुन्हा आरसा करायचा तर धातू घासावा लागेल आणि या लगमध्ये घासायला धातू उरलेला नाही.

१६ ऑगस्ट

काळा लेप: नाही.

लंडनच्या जॉर्ज बॅमफर्डने काळ्या केलेल्या रोलेक्समुळे ही फॅशन गाजली. पुढे २०१७ मध्ये झेनिथ आणि टॅग हॉयर यांनी आपल्या घड्याळांसाठी त्याच्याशी अधिकृत जोडणी केली. चांगलं केलेलं काम मी पाहिलं आहे आणि ते देखणं असतं. म्हणून थेट नाकारण्याऐवजी एका साध्या स्टीलच्या क्लास्पवर (पट्ट्याच्या खटक्यावर) डीएलसी म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप करून घेतला आणि तो मूळ ब्रेसलेटवर न लावता दुसऱ्या पट्ट्यावर वापरला.

टेबलाच्या कडेला, लॅपटॉपच्या काठाला दिवसभर घासूनही सपाट भागावर ओरखडा नाही. लेप खरंच कठीण आहे, कठीणपणाच्या विकर्स मापावर स्टीलच्या अनेक पट. पण जाडी काही मायक्रॉनच. दाराच्या चौकटीवर एक कोपरा जोरात आपटला, खालचं स्टील दबलं आणि वरचा कठीण थर त्याच्याबरोबर न वाकता तुटला. ओल्या मातीवर काच ठेवून दाबल्यासारखं. तिथे आता चमकता पांढरा ठिपका आहे आणि काळ्यावर तो दुरून दिसतो. साध्या स्टीलवर तीच खोच कुणाच्या लक्षात आली नसती.

लेप काढायचा तर पुन्हा घासकाम, आणि लेपाआधीची तयारी हीसुद्धा घासकामच. माझ्या केसला दोन्ही परवडणार नाही. लेप ओरखडे झाकत नाही हेही लक्षात ठेवा: खाली जे असेल ते तसंच काळं होऊन वर दिसतं.

२३ ऑगस्ट

किमतीबद्दल विचारणाऱ्यांसाठी. बदललेलं घड्याळ विकायला काढलं की खरेदीदार पहिला प्रश्न मूळ भागांचा करतो, आणि अधिकृत सर्व्हिसला बाहेरचे भाग चालत नाहीत, ते आधी बदलावे लागतात. अभिनेता मार्लन ब्रँडोने आपल्या रोलेक्स जीएमटी-मास्टरचं बेझल काढून टाकलं होतं आणि मागच्या झाकणावर स्वतः नाव कोरलं होतं. ते घड्याळ डिसेंबर २०१९ मध्ये फिलिप्सच्या लिलावात १९,५२,००० डॉलरला गेलं. ती किंमत त्या हातांची होती, काढलेल्या बेझलची नाही. बाकीच्यांनी बदल करताना विक्रीचा भाव गेला असंच धरून चालावं.

३० ऑगस्ट

सध्याची स्थिती. घड्याळात आहे: साठ खुणांचं बेझल, सुपर-लुमिनोव्हाचे मर्सिडीज काटे, मॅट बाजू. परत गेलं: मूळ काच भिंगासह, मूळ डायल. वापरलंच नाही: काळा लेप. पिशव्यांमध्ये: मूळ इन्सर्ट, मूळ काटे. सपाट काच आणि कोरं डायल सरावाच्या केससोबत ठेवलंय.

आजची मापं: डायल वर +२, ॲम्प्लिट्यूड २८२. किल्ली खाली -१, २५५. दाबचाचणी १० बार उत्तीर्ण.

सुधारलं का, तर रात्री आणि मिनिटं मोजताना नक्कीच. दिवसा मूळ डायल आणि मूळ काच परत दिसल्यावर मला जास्त बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

राहिलेलं काम: ब्रेसलेटच्या केसकडच्या टोकांची खुळखुळ. माझ्या सालची टोकं पत्र्याची, पोकळ आहेत, नंतरच्या १६६१० वर भरीव आली. ती या आरपार छिद्रांच्या लगमध्ये धड बसतात का ते आधी उसन्या जोडीवर पाहीन, मगच काही विकत घेईन. तोपर्यंत राखाडी नायलॉनचा एकसंध पट्टा. तो दोन्ही स्प्रिंग बारमधून (लगमधल्या दांड्यांमधून) जातो, एक तुटला तरी घड्याळ मनगटावर राहतं, फक्त मागून दोन थर गेल्याने केस थोडी उंच बसते आणि बाहीत अडकते.